घासलेलं चामडं

ज्याला रेक्झिन आणि चामडं यांतला फरक कळत नाही त्यानं खुशाल मेणकापडावर बसावं, माझी ना नाही. पण त्यानं मला चामड्याची अक्कल शिकवायला येऊ नये. कळसाडीचे बन्सीलालभाई पाटील एकोणसाठ सालच्या दिवाळीनंतर शहाद्याला आमच्या दारात आले, ते नेमके त्यासाठीच. फटफटी बंद न करता, एक पाय खाली टेकवून, त्यांनी माझ्या नवऱ्याला हाक मारली.

"लोटन, चार खुर्च्या कराना शेतस. धुळाले कलेक्टरना बंगलामा शेतस ना, तश्या. खरं चामडं पाहिजे, रेक्झिन नको."

"व्हई जाई, भाई," लोटन म्हणाला. लोटनला कोणी तापीला झाकण शिवायला सांगितलं तरी तो आधी 'व्हई जाई' म्हणेल आणि मग घरात येऊन माझ्या तोंडाकडे बघेल.

"अन् आयक. कापेल ढोरनं चामडं मन्हा घरमा चालाव नही. आमी माळकरी मानसं. आपला मरेल ढोरनंच पाहिजे. अन् त्यावर एक बी डाग नको."

मी आत बाभळीची साल कुटत होते. तिथल्या तिथे मला हसू आलं, आणि ते काही चांगलं हसू नव्हतं. आमच्या धंद्यात चामड्याच्या दोन जाती. कापलेल्या जनावराचं ते हलाली, आपोआप मेलेल्याचं ते मुर्दारी. कापलेल्या जनावराचं रक्त वाहून जातं म्हणून त्याचं चामडं स्वच्छ, उजळ निघतं. मेलेल्याचं रक्त आतच गोठतं आणि त्याच्या शिरा चामड्यावर उमटतात, पिंपळाच्या पानावर असतात तशा. कितीही कमवा, कितीही तेल पाजा, त्या जात नाहीत. म्हणजे भाईंना धर्म पाहिजे होता मुर्दारीचा आणि रूप पाहिजे होतं हलालीचं. वर डाग नको! अहो, आमच्या खानदेशात डागाशिवाय बैल म्हातारा होतो का? पाय लंगडला, डागा. खांदा सुजला, डागा. काहीच सुचलं नाही, तरी विळा तापवा आणि डागा. स्वतःच्या हातानं जनावर भाजायचं आणि मग आमच्याकडे येऊन कोरं कातडं मागायचं, ही यांची तऱ्हा.

हे सगळं भाईंना सुनवायला मी हात पुसत बाहेर आले, तोवर फटफटी कोपऱ्यावर पोचली होती. लोटन दारात उभा राहून तिच्या धुराला मान डोलवत होता.

पण खरं सांगायचं तर आम्हाला त्या खुर्च्या हव्याच होत्या. आम्ही मोटवाले. लोटनच्या बापानं आणि आज्यानं तापीकाठच्या विहिरींना चामड्याच्या मोटा शिवल्या, आणि त्यांचं चामडं घरच्या बायकांनी कमावलं. मी तळोद्याची, माझा बाप कातडी कमावण्यात नावाजलेला, म्हणून तर मला या घरात मागून घेतली. मग छप्पन साली कळसाडीत पहिलं इंजिन आलं. कोणी आणलं? बन्सीलालभाईंनीच. धकधक करत ते पाणी उपसू लागलं, आणि तीन वर्षांत आमच्या हातून एक मोट गेली नाही. लोटन दीड वर्ष सुरतेला एका दुकानात राहून खुर्च्या मढवायला शिकून आला. आता भाई कापसाच्या नव्या सोसायटीचे चेअरमन झाले होते. सोसायटीच्या कचेरीला चोवीस खुर्च्या लागणार होत्या. भाईंच्या दिवाणखान्यातल्या चार पसंत पडल्या तर त्या चोवीस आमच्या. नाही पडल्या तर लोटन सुरतेला गिरणीत आणि मी लोकांच्या रानात कापूस वेचायला. एवढं सरळ होतं.

लोटननं नंदुरबारच्या वखारीतून दोन कातडी आणली, मीठ लावून घडी घातलेली. एक म्हशीचं, एक बैलाचं. म्हशीचं मुर्दारी होतं, शिरा स्पष्ट दिसत होत्या. बैलाचं उलगडून मी आतली बाजू उजेडात धरली. एकसुद्धा शीर नाही.

"हाई हलाली शे," मी म्हटलं.

"ऱ्हाऊ दे ना. त्याले काय कळस?" लोटन म्हणाला.

यावर मी गप्प बसले, हे आधीच कबूल करते. चुन्याच्या हौदात आठवडाभर ठेवून मी त्यावरचे केस खरवडले, तेव्हा उजव्या खांद्याच्या मागे डाग दिसला. विळ्याचा नव्हे. उलथण्याच्या दांडीचा, टोकाला आकड्यासारखा वळलेला.

तो डाग शहादा तालुक्यात एकाच बैलाच्या अंगावर होता. भाईंच्या मोटेचा मोऱ्या. मोऱ्या खोंड असताना त्याचा खांदा सुजला, डागणारा माणूस सापडेना, तेव्हा भाईंच्या आईनं, तापीबाईनं, चुलीत उलथणं लाल केलं, स्वतः डाग दिला आणि मग त्याच्या गळ्याला मिठी मारून रडत बसली. मी आणि लोटन त्यांच्या विहिरीवर मोट बसवायला जायचो, तेव्हा दरवेळी ती हीच गोष्ट सांगायची आणि सांगताना त्या आकड्यावरून बोट फिरवायची. इंजिन आल्यावर मोऱ्या गोठ्यात नुसता उभा राहिला. एकोणसाठच्या पोळ्यानंतर भाईंनी आईला सांगितलं, आता म्हातारा झाला, त्याला तोरणमाळला जेठ्याकडे चरायला पाठवतो, तिथं गवत कमरेएवढं आहे. जेठ्या पावरा सातपुड्यातून मध आणि डिंक घेऊन शहाद्याच्या बाजाराला उतरायचा. त्याच्याबरोबर मोऱ्या गेला, असं सगळे धरून चालले. आणि आता त्याचं कातडं माझ्या हौदात, तेही हलाली.

म्हणजे जेठ्यानं बैल खाटकाला विकला. हाच विचार माझ्या डोक्यात आला, दुसरा आलाच नाही. वर डोंगरातली माणसं, त्यांना कशाचं काय, असं मी लोटनला ऐकवलं आणि आठवडाभर ऐकवत राहिले. ज्या माणसाला मी बाजारात दोनदा लांबून पाहिलं होतं त्याला मी साल कुटता कुटता चोर ठरवून टाकलं.

ते कातडं मी असं कमावलं की माझ्या बापानंही मान डोलवली असती. कडा शिवून त्याची पिशवी केली, आत बाभळीच्या सालीचं आणि हिरड्याचं पाणी भरलं, झाडाला टांगलं, दोन वेळा उलटं केलं. वाळल्यावर कोमट करडईचं तेल पाजलं, वरून मेण चोळलं आणि सोड्याच्या बाटलीच्या बुडानं घोटलं. रंग नाही, लाख नाही. चांगल्या चामड्याला वरून काही लावायचं नसतं, त्याचाच वरचा पदर त्याला पुरतो. जवळ डोळा नेला तर केसाचं एकेक छिद्र दिसावं. गोचिडीनं चावलं होतं ते टिपके दिसत होते, मानेच्या वळ्या दिसत होत्या, बाभळीच्या काट्यानं ओढलेली रेघ दिसत होती. हात ठेवला की चामडं गार लागायचं आणि थोड्या वेळानं हाताइतकंच ऊन व्हायचं. असं रेक्झिनला सात जन्मांत जमायचं नाही. आणि चौथ्या खुर्चीच्या पाठीवर मी तो डाग बरोबर मधोमध बसवून घेतला. भाईंना दाखवणार होते, बघा, तुमच्या जेठ्यानं काय केलं.

भाई खुर्च्या बघायला आले. पांढरं धोतर सावरत पहिल्या खुर्चीसमोर उकिडवे बसले आणि बोटानं टिपके मोजू लागले.

"हाई काय शे? अन् हाई? लोटन, हाई चामडं शे का देवीना रोगी?"

"गोचिड चावनी व्हती भाई," मी म्हटलं. "खरा चामडावर असंच ऱ्हास. म्हनून तर ते खरं."

"तू थांब व. रेक्झिनवर कशे बारीक बारीक दाणा ऱ्हातस, एकसारखा, तसं दिसाले पाहिजे."

आता यावर माणसानं काय बोलावं? रेक्झिन बनवणारे बिचारे कापडावर रंग थापून, त्यावर साचा दाबून, ते चामड्यासारखं दिसावं म्हणून जिवाचं रान करतात. आणि या गृहस्थाला खरं चामडं पाहिजे होतं, पण ते रेक्झिनसारखं दिसायला हवं होतं. माझ्या तोंडावर काय उमटलं असेल ते असो. लोटन मात्र 'व्हई जाई' म्हणून मोकळा झाला.

भाई चौथ्या खुर्चीपाशी आले. मी याचीच वाट बघत होते.

"भाई, वळखा. मोऱ्या शे. तुमना जेठ्यानी खाटीकले इकी टाका."

भाई खाली बसले नाहीत. उभ्यानंच त्या आकड्याकडे बघत राहिले. कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मला वाटलं आता जेठ्याच्या नावानं शिव्या सुरू होतील, आणि मी त्यांत भर घालायला तयारच होते.

"जेठ्यानं नाव नको लेऊ," ते हळूच म्हणाले. "जेठ्यापर्यंत तो गयाच नही."

इतकंच. मग त्यांनी दाराकडे बघितलं, बाहेर कोणी नव्हतं, आणि आवाज पूर्वीसारखा केला. "हाई घासी टाक. चारी खुर्च्या घासा, रंग मारा. परवा सोसायटीना मोठा साहेब ई ऱ्हायनात. चोवीस खुर्च्या पाहिजेत का नही तुमले?"

फटफटी गेली. मी लोटनला म्हटलं, बघितलंस? आईला सांगतो तोरणमाळ आणि नेतो खाटकाकडे, आणि आपल्याला सांगतो की कापलेल्या ढोराचं चामडं घरात चालत नाही! गळ्यात तुळशीची माळ आणि आत हे! थुंकायला सुद्धा ते तोंड नको, असं मी म्हटलं. आणखीही म्हटलं, ते लिहीत नाही.

"त्या म्हातारीले सांगशी का?" लोटननं विचारलं.

"सांगसू. का नही सांगाव?"

"मंग चोवीस खुर्च्या गयात."

लोटन एरवी इतकं स्पष्ट बोलत नाही. त्यानं काचकागद माझ्यासमोर ठेवला आणि बाहेर जाऊन बसला. त्याच्याही तोंडाकडे बघवत नव्हतं. आपल्याला करवत नाही ते बायकोपुढे ठेवायचं आणि आपण ओट्यावर विडी ओढायची.

मी घासलं.

टिपके काचकागदानं गेले. वळ्या गेल्या. काट्याची रेघ गेली. चामड्याचा वरचा पदर एकदा घासला की खाली उरतं ते नुसतं मऊ, खरखरीत, आंधळं कातडं. ते म्हशीचं की बैलाचं, हलाली की मुर्दारी, कोणाच्या बापाला सांगता येत नाही. तो आकडा मात्र घासून जाईना. तापलेलं लोखंड खोल जातं. तो मी रापीनं तासला, पातळ झालेल्या जागी मेण आणि लाख भरली आणि पुन्हा घासलं. बोट फिरवून बघितलं, काही लागलं नाही. माझं काम चांगलंच असतं.

मग सुरतेहून आणलेला तपकिरी रंग नासवलेल्या दुधाच्या चोथ्यात खलून तीन हात दिले. ओलं असताना गोणपाट पसरून वरून पाटा-वरवंट्याचा वरवंटा फिरवला, तेव्हा गोणपाटाचे दाणे उठले, बारीक बारीक, एकसारखे. आणि चकाकी यावी म्हणून अंड्याचा पांढरा भाग फेटून चोळला. या कामाला अंड्याइतकं चांगलं दुसरं काही नाही. माळकऱ्यांच्या दिवाणखान्यात आठ अंडी गेली. याचा मला तेव्हा फार आनंद झाला.

साहेब यायच्या दिवशी आम्ही खुर्च्या बैलगाडीतून कळसाडीला नेल्या. आम्ही मागच्या दारानं. खुर्च्या आत नेण्याआधी भाईंच्या सुनेनं त्यांवर गोमूत्र शिंपडलं, आमचा विटाळ जावा म्हणून. अंड्यावर गोमूत्र. मी ओट्याच्या खाली उभी राहून बघत होते. थेंब आत न मुरता वरून ओघळले, कारण आत मुरायला काही शिल्लकच ठेवलं नव्हतं.

साहेब आले, हार झाले, साहेब चौथ्या खुर्चीवर टेकले. मागं रेलले. खुर्चीच्या हातावरून तळवा फिरवला.

"वा, पाटील! रेक्झिन कुठलं हो हे? झकास आहे. लोक उगाच चामड्याच्या मागे लागतात. त्याला वास येतो."

मी भाईंकडे बघितलं. खरं चामडं पाहिजे, रेक्झिन नको, असं आमच्या दारात ओरडणारा हा माणूस. आता सांगेल, निदान एवढं तरी सांगेल.

"मुंबईचं आहे, साहेब," भाई म्हणाले. "एक नंबर रेक्झिन."

मला वाटलं, या घरात माझ्याइतकं शहाणं कोणी नाही. साहेब मूर्ख, भाई ढोंगी, सून अडाणी, आणि माझा नवरा दाराशी उभा राहून हसतोय. सगळ्यांना मी मनातल्या मनात एकेक करून तासत होते, आणि खरं सांगते, मला बरं वाटत होतं.

साहेबांची जीप गेली. भाई त्यांना पोचवायला वेशीपर्यंत गेले. तेव्हा आतून तापीबाई भिंत धरत आली. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, माणूस तिला सावलीएवढाच दिसायचा. तिनं खुर्ची चाचपली आणि बसली. चौथीच. बाकीच्या तीन मोकळ्या होत्या, पण दाराजवळची तीच.

"लोटननी बाई शे का तठे?"

"शे, माय. धनु."

"चांगली करी व खुर्ची. गुळगुळीत शे." तिनं मान वळवून पाठीवरून हात फिरवला. वरून खाली, मग आडवा. तिचं बोट त्या जागेवरून गेलं. तिथून पुढे गेलं. थांबलं नाही.

थांबेल असं मला वाटलं होतं. कुठेतरी, घासलेल्याच्याही खाली, तिला ते लागेल असं वाटलं होतं. पण मी तासलं होतं, लाख भरली होती. तिला काही लागलं नाही.

"धनु, तू बजारमा ऱ्हास. जेठ्या येस ना तठे?"

"येस, माय."

तिनं कमरेची पिशवी सोडली, गुळाचा एक खडा काढला आणि वरूनच माझ्या पदरात टाकला.

"हाऊ त्याले दे. सांग, मोऱ्याले घाल. त्याले गूळ भलता आवडस. पोऱ्या सांगस का तो खुशाल शे, पन पोऱ्याले कामं बहु. तूच इचारजो."

तेव्हा सांगता आलं असतं. भाई वेशीवर होते, लोटन गाडी जुंपत होता, आम्ही दोघीच होतो. म्हातारी माझ्या तोंडाकडे, म्हणजे तोंड असेल त्या दिशेला, बघत होती. चोवीस खुर्च्या, सुरतेची गिरणी, कापसाचं रान, सगळं माझ्या जिभेवर येऊन बसलं.

"इचारसू," मी म्हटलं.

चोवीस खुर्च्या आम्हाला मिळाल्या. साहेबांना रेक्झिन आवडलं म्हणून सोसायटीनं रेक्झिनच मंजूर केलं, मुंबईचं, एक नंबर. लोटननं ते ठोकलं. माझ्यासाठी त्यात काम नव्हतंच. चुन्याचा हौद त्या उन्हाळ्यात कोरडा पडला, पुढं त्यात कोंबड्या बसू लागल्या. लोटन गावात राहिला आणि मी कुणाच्या रानात गेले नाही.

गुळाचा खडा घरी फळीवर ठेवला होता. पुढच्या बाजाराला जेठ्या आला होता, मध विकत बसला होता. त्याला मी काय म्हणून देणार होते? त्याच्यासमोरून मी मान खाली घालून गेले, आणि त्याला तर त्याचं कारणही ठाऊक नव्हतं. दोन दिवसांनी घरातला गूळ संपला, लोटननं तो खडा फोडून चहात टाकला. मीही प्याले.

साहेब येऊन गेल्यावर पंधरा दिवसांनी खुर्चीच्या रंगाचा एक पोपडा निघाला म्हणून मला पुन्हा कळसाडीला बोलावलं. मी खाली बसून कडेला रंग लावत होते, तेव्हा म्हातारी भिंत धरत आली.

"धनु शे का? खादा का व त्यानी गूळ?"

"खादा, माय."

"समदा?"

"समदा."

ती हसली, कमरेची पिशवी सोडू लागली, आणि मी पदर पुढे केला.